ट्रकच्या ट्यूबमधली हवा

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इराने मला तिची फिशटँक दाखवली आणि विचारलं, "आजी, इथे बर्फाच्या वादळात लाइट गेली तर माशांसाठी काय घेऊन ठेवावं? बॅटरीवर चालणारा छोटा पंप की इन्व्हर्टर?" मागून तिच्या भावाचा, निशांतचा, आवाज आला, की सरळ जनरेटर घ्यायला सांग. मी म्हणाले, विचार करून कळवते. तुम्हा दोघांना वाटलं असेल, आजीला यातलं काय कळतंय. पण हाच प्रश्न मला एकदा पूर्वी विचारला गेला होता. मी नववीत होते, थेरगावात दोन खोल्यांच्या घरात राहत होते, आणि प्रश्न विचारणारे माझे वडील, अण्णा, होते. तेव्हा मी दिलेलं उत्तर बरोबर होतं, पण अर्धं होतं. तुम्हाला नीट उत्तर द्यायचं तर ती गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल.

आमची घरमालकीण सखूआजी. तिच्या गोठ्याला लागून पत्र्याच्या चार खोल्या होत्या, त्यातल्या दोन आमच्या. एकीत चूल, स्टोव्ह, पाण्याचे हंडे. दुसरीत लोखंडी खाट, बुद्धाची लहानशी मूर्ती ठेवलेला कोनाडा आणि माझं अभ्यासाचं स्टूल. सकाळी म्हशींच्या साखळ्यांचा आवाज आणि कंपन्यांचे भोंगे एकाच वेळी ऐकू येत. आई भोंग्यावर भाकरी थापायची. पहिल्या भोंग्याला तवा, दुसऱ्याला डबा. अण्णा पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. हात इतका बसलेला, की लेथवर काढलेला जॉब बोटाने चाचपून माप सांगत. पण होते टेम्पररी. सात महिने भरत आले की, कायम करावं लागू नये म्हणून, ब्रेक, मग दोन-तीन महिने घरी, मग पुन्हा नवं कार्ड. असं कितीतरी वर्षं चाललं होतं. मला मात्र त्यांनी हट्टाने चिंचवडच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्या वर्षी त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं, "यंदा परमनंट झालो तर सुजूची दहावी त्याच शाळेत. नाही तर पुढच्या वर्षी इथल्या शाळेत घालू, दुसरा इलाज नाही." आईने माझ्या गणवेशाची दुमड उसवून स्कर्ट दोन बोटं लांब केला, एवढंच.

अण्णांच्या खात्याच्या साहेबांकडे माशांची काचेची टाकी होती. साहेब दाक्षिणात्य होते. महिनाभर गावी जाणार होते आणि टाकी कुणाकडे ठेवायची हा त्यांचा प्रश्न होता. अण्णांनी पूर्वी एकदा त्या टाकीची गळकी लोखंडी चौकट वेल्डिंग करून दिली होती, म्हणून त्यांना बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "परत आल्यावर परमनंटसाठी आपल्या खात्यातून तीन नावं पाठवायची आहेत, तुझं माझ्या डोक्यात आहे. आणि हो, महिनाभर ही टाकी तुझ्याकडे ठेवशील ना?" दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी श्वासही घेतला नाही, असं अण्णा आईला सांगत होते. साहेबांच्या मनात तसं काही नसेलही. पण आमच्या घरात ती दोन वाक्यं त्या दिवसापासून एकच झाली.

टाकी टेंपोतून आली, मासे दुधाच्या किटल्यांतून. काळ्या मॉली पाच-सहा, आणि दोन एंजल, पत्त्याच्या पानासारखे चपटे, रुपेरी, अंगावर काळे उभे पट्टे. ती जोडी मॅडमची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची, फार लाडकी. टाकी आम्ही ट्रंकेवर ठेवली, कारण खोलीतला एकुलता एक प्लग तिथे होता. हवा सोडणारा पंप दिवसरात्र घरघरत राही. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता सुकट भाजायची कशी? पाहुण्यांच्या तोंडासमोर त्यांचेच नातेवाईक भाजायचे?" आणि खरंच तिने महिनाभर सुकट-बोंबील घरात आणले नाहीत. आम्ही वरण, पिठलं, वांगं खात होतो आणि मासे आमच्याकडे बघत होते. सखूआजी रोज येऊन टाकीसमोर बसायची. "माज्या म्हशीला बी एवढं कोन बघत न्हाई," ती म्हणायची, आणि तासभर बघत राहायची.

मॅडमनी टाकीबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तिका दिली होती. "तुमची मुलगी इंग्लिश मीडियमला आहे ना, तिला वाचायला सांगा." अण्णांनी ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. मी तिला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं, वर लेबल लावलं आणि वहीत रकाने आखले: खाणं, पाणी, उजेड, हवा. तुमची आई मला चिडवते, की मी मसाल्यांच्या बरण्यांनासुद्धा तारखा लावते. ती सवय तेव्हाची आहे. रकाना आखला की काम झालं, असं मला वाटायचं.

आता गुरुवारबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात गुरुवार म्हणजे रविवार. वीजवाले त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवत, म्हणून कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सकाळी नऊला लाइट जायची, संध्याकाळी पाचला यायची. मासे आल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी पंप थांबला तेव्हा आम्हाला शांतता बरी वाटली. दुपारी आईने हाक मारली. सगळे मासे वर येऊन पाण्याला तोंड लावून उभे होते, तोंडं उघडत होते, मिटत होते. एंजलचा एक कल्ला वेगाने हलत होता, दुसरा जवळजवळ नाहीच. पाचला लाइट आली आणि ते हळूहळू सावरले. अण्णा मात्र सावरले नाहीत. अजून तीन गुरुवार जायचे होते.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आमच्या खोलीत मीटिंग बसली. अण्णा, त्यांच्या शेजारच्या लेथवरचे गायकवाडकाका आणि त्यांच्याबरोबर आलेले खात्यातले दोघं. चहा झाला. गायकवाडकाका म्हणाले, "ट्रकची बॅटरी आणू. तिच्यावर कन्व्हर्टर लावू." बॅटरी आणि कन्व्हर्टर कोण देणार, तिथेच ते अडलं. त्या दोघांतला एक म्हणाला, मंडपवाल्याचा जनरेटर. गायकवाडकाका म्हणाले, "राव, चार मासे आणि जनरेटर? लग्न कुणाचं हाय?" सगळे हसले, अण्णा सोडून. मग अण्णा माझ्याकडे वळले. "सुजू, पुस्तकात काय दिलंय?"

मी वही-पुस्तक घेऊन उभी राहिले, शाळेत राहतात तशी. पान काढलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. वीज गेल्यास गाडीच्या चाकाची ट्यूब हवेने भरून ठेवावी. तिच्या तोंडाला बारीक नळी लावून हवा सावकाश पाण्यात सोडावी. खोलीत एकदम हालचाल झाली. ट्यूब आणि हवा हे त्यांच्या हातातलं काम होतं. "बघ," एक जण म्हणाला, "इंग्रजी पुस्तकात आपलीच अक्कल." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चार माणसांसमोर त्यांनी माझ्याकडे तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मी पुढचं वाक्य वाचलं: ट्यूब पायपंपाने भरावी. गायकवाडकाकांनी गुडघ्यावर हात मारला. "पायपंपाने? ट्रकची ट्यूब? अगं पोरी, पाय उरतील का तुझ्या बापाचे? कंपनीत एवढी एअरलाइन हाय, कंप्रेसरची हवा, दोन मिनिटांत टम्म." सगळे खो खो हसले. अण्णाही हसले. "वाघमारे, पोरगी हुशार हाय, पन पायपंप म्हनती," असं कुणीतरी अण्णांना म्हणालं.

त्याखाली आणखी एक वाक्य होतं. मी ते डोळ्यांनी वाचलं. त्यात यंत्राच्या हवेबद्दल, तेलाबद्दल स्पष्ट बजावलेलं होतं. मला ते कळलं नव्हतं असं आज म्हणता आलं तर किती बरं होईल. मला ते शब्द न् शब्द कळलं होतं. पण हसू अजून खोलीत होतं आणि अण्णांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक मला जायला नको होतं. मी पुस्तक मिटलं. "एवढंच आहे," म्हणाले. वहीत 'हवा' या रकान्यात 'ट्रकची ट्यूब' असं लिहून खाली रेघ मारली.

बुधवारी संध्याकाळी अण्णा सायकलच्या कॅरिअरवर फुगलेली काळी ट्यूब बांधून घरी आले, चालतच, कारण तिच्यामुळे सीटवर बसता येत नव्हतं. गेटवर वॉचमनने अडवलं होतं. "काय नेताय?" बरोबरचे गायकवाडकाका म्हणाले, "हवा." वॉचमन म्हणाला, "कंपनीची?" "मग काय घरची? हवेला गेटपास लागत असेल तर फाड." ही गोष्ट त्या संध्याकाळी गल्लीत चार वेळा सांगितली गेली. अण्णांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाइनची जुनी नळी आणली होती, तिच्यावरचं छोटं चाक फिरवून हवा कमीजास्त करता यायची. दाब राहावा म्हणून ट्यूबवर आईचा पाटा ठेवला.

गुरुवारी नऊला लाइट गेली आणि अण्णांनी चाक फिरवलं. टाकीत मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर आले. दारात गर्दी झाली. सखूआजी म्हणाली, "व्हय गं, इजेबिगर चालतंय की." गायकवाडकाकांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि ते घरी गेले. आईने त्या आनंदात शेवयांची खीर टाकली. अण्णा खाटेवर आडवे होऊन टाकीकडे बघत राहिले. त्यांचा सातवा महिना संपायला थोडेच दिवस उरले होते.

बाराच्या सुमारास मासे वर आले. बुडबुडे तर चालूच होते. अण्णांनी चाक आणखी उघडलं. मासे आणखी वर आले. "हवा कमी पडतेय," अण्णा म्हणाले आणि पाट्यावर वरवंटा ठेवला. मी स्टुलावर बीजगणित घेऊन बसले होते. जिथे बसले होते तिथून पाण्याचा वरचा थर तिरका दिसत होता. त्याच्यावर पेट्रोलपंपासमोरच्या डबक्यावर दिसतात तसे रंग होते. हिरवट, जांभळे. बुडबुडा फुटला की तो रंग थोडा सरकायचा आणि पुन्हा जुळायचा. कंपनीच्या त्या जुन्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा बारीक अंश असतो, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. उलट त्याचं त्यांना कौतुक होतं. त्या हवेने जॉब झटकला की त्याला गंज चढत नाही, असं अण्णाच सांगायचे. लोखंडाला जे चांगलं ते त्यांच्या दृष्टीने चांगलंच होतं. माशांचा कल्ला काय असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं ते मी मिटून कव्हरात ठेवलं होतं.

किती वेळ मी गप्प बसले? वहीत तीन गणितं सोडवलेली होती. तिन्ही बरोबर होती. एवढा वेळ.

मग एक एंजल आडवा झाला. पाण्यात कागद तरंगावा तसा, आणि पुन्हा धडपडून उभा राहिला. आईने "अगं माय" म्हटलं. मी म्हणाले, "अण्णा, पाण्यावर तेल दिसतंय." जणू मला तेव्हाच दिसलं होतं. अण्णांनी नळी पाण्यातून काढली, नाकाशी धरली. त्यांचा चेहरा मी इथे लिहू शकत नाही. त्यांनी चाक बंद केलं आणि ट्यूब उचलून बाहेर गोठ्याच्या भिंतीशी टाकली.

आईने पळी घेतली, रश्श्यावरची तर्री काढतात तशी. तेल पळीत येईना, बाजूला सरकायचं. सखूआजी म्हणाली, "पेपर आना, पेपर. हंड्यात राकेल पडलं व्हतं तवा म्या तसंच काढलं व्हतं." आम्ही वर्तमानपत्राचं पान पाण्यावर अलगद पसरायचो आणि ओढून घ्यायचो. पान तेलकट, पारदर्शक होऊन यायचं. पान, पुन्हा पान. मग आई म्हणाली, वरून पाणी ओतलं तर हवा मिसळेल. तांब्या बुडवायचा, वीतभर वर धरायचा, ओतायचा. आई दमली की मी, मी दमले की अण्णा. अण्णा तोंडाने पाचला लाइट येईल, पाचला लाइट येईल, एवढंच म्हणत होते. खीर पातेल्यात तशीच होती, वर साय धरलेली.

पाचला लाइट आली. पंप एकदा घरघरला, आणि डांगे चौकाच्या बाजूने मोठा आवाज झाला. ट्रान्सफॉर्मर उडाला होता. सखूआजी दारातून म्हणाली, "आता उद्याबिगर न्हाई." अण्णा तांब्या हातात घेऊन उभेच राहिले. मग खाली वाकून त्यांनी तो पुन्हा बुडवला. सकाळपर्यंत त्यांनी तो कुणाच्या हातात दिला नाही.

शुक्रवारी पहिला भोंगा झाला. आईने तवा ठेवला. दुसरा भोंगा झाला. तिने डबा भरून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "अहो, खाडा पडेल. या महिन्यात खाडा नको. मी बघते ना इथे." टेम्पररी माणसाने सातव्या महिन्यात न सांगता गैरहजर राहणं म्हणजे काय, हे आमच्या घरात मलाही कळत होतं. अण्णा म्हणाले, "मासे मेल्यावर हजर राहून काय करू?" ते गेले नाहीत. एक एंजल तेव्हाच तळाशी टेकला होता. दुसरा दुपारी गेला. लाइट संध्याकाळी आली. पंप सुरू झाला तेव्हा टाकीत चार मॉली उरल्या होत्या, त्या हवेच्या धारेत गेल्या आणि काही घडलंच नाही अशा फिरू लागल्या.

साहेब परतल्यावर टाकी पोहोचवायला अण्णा मला बरोबर घेऊन गेले. त्यांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता, बुद्धपौर्णिमेला घालायचा. साहेबांसमोर उभं राहून ते म्हणाले, "साहेब, चूक माझी. मी कंप्रेसरची हवा भरली. पोरगी पायपंप म्हणत होती, मी ऐकलं नाही." साहेबांनी मान हलवली. मॅडम टाकीकडे बघत होत्या. त्या वळून साहेबांना इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाल्या, की मुलगी इंग्रजी शाळेत जाते म्हणून तर पुस्तक दिलं होतं. त्या पानावर सगळं स्पष्ट लिहिलं आहे. तिला वाचता येत नसणार. त्या रागावल्या नव्हत्या. मुलीची कीव केल्यासारखं बोलल्या. मी कव्हर घातलेली पुस्तिका त्यांच्या टेबलावर ठेवली. मला वाचता येतं, एवढं एक वाक्य मला इंग्रजीत चांगलं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. बोलले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

रस्त्यावर आल्यावर अण्णांनी विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या गं?"

"म्हणाल्या, मासे आहेत, मरतातच."

"चांगली बाई आहे," अण्णा म्हणाले.

यादी लागली तेव्हा तिच्यात गायकवाडकाकांचं नाव होतं, अण्णांचं नव्हतं. माशांमुळे, की शुक्रवारच्या खाड्यामुळे, की ही दोन्ही कारणं नसती तरीही लागलं नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. ब्रेक मिळाला, मग नवं कार्ड मिळालंच नाही. पुढे ते चाकणकडच्या लहान लहान वर्कशॉपमध्ये लेथ चालवत राहिले, शेवटपर्यंत टेम्पररी. मी दहावी थेरगावच्या शाळेत केली. बाकीचं इंग्रजी नंतर स्वतः शिकले, नोकरीही त्याच जोरावर केली. माझं नुकसान झालं असं कुणी म्हणू नये. अण्णांचं झालं.

त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर सांगितली. पाहुण्यांना, जावयाला, तुमच्या आईला मांडीवर घेऊन. "सुजूने पुस्तक वाचून सांगितलं होतं, पायपंपाने भरा. मीच हसलो. पोरीचं ऐकलं असतं तर परमनंट झालो असतो." दर वेळी ते माझ्याकडे त्या सोमवारसारखं बघायचे. दर वेळी मी उठून चहा टाकायचे. त्यांच्या शेवटच्या आजारपणातही त्यांनी नर्सला ती सांगितली, आणि मी तिथे खुर्चीवर होते, आणि तेव्हा सांगता आलं असतं.

इरा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप घे. लाइट गेली की आपोआप सुरू होईल असा. निशांतच्या जनरेटरचं तुमच्या बाबांना विचारा. आणि पायपंपाखालचं वाक्य, जे मी तेव्हा मराठीत सांगायचं राहू दिलं, ते इथे लिहिते. मला ते अजून पाठ आहे.

"कारखान्यातील किंवा गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नये, तिच्यात तेल असते व मासे गुदमरतात."